डोळ्यांसमोर कोणी उभं राहीना

बाईंनी अट घातली ती दात घासताना, त्यामुळे फोटोग्राफरना ती आधी नीट कळली नाही. चूळ भरून झाल्यावर त्यांनी ती पुन्हा सांगितली.

“तुमच्याशी बोलणारं कोणीतरी या घरात आल्याशिवाय मी मुलीकडे जाणार नाही.”

बाई शाळेत भूगोल शिकवायच्या. निवृत्त झाल्या तरी त्यांचा आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा, आणि घरात शेवटचा बाक म्हणजे फोटोग्राफर. मुलगी दूरच्या शहरात होती, तिचे दिवस भरत आले होते आणि रोज फोनवर ती एकच विचारायची, “आई, कधी येतेस?” फोटोग्राफरना बरोबर नेण्याचा प्रश्न नव्हता. मुलीचं घर एका खोलीचं. मुलगी, जावई, येणारं बाळ आणि बाई एवढी मंडळी आडवी झाल्यावर पाचव्याला उभ्यानेच झोपावं लागलं असतं.

अट घालण्यामागे कारण होतं. मागे बाई आजारी बहिणीपाशी राहून परतल्या, तेव्हा फोटोग्राफरनी दार उघडलं, तोंड उघडलं आणि गंजलेल्या बिजागरीसारखा आवाज काढला. बाई गेल्यापासून ते कोणाशी बोललेच नव्हते. स्टुडिओत गिऱ्हाइकं येत, पण पासपोर्टच्या फोटोला संभाषण असं लागत नाही. “हनुवटी किंचित खाली. दोन्ही कान दिसू द्या. हसू नका. झालं.” एवढ्यावर त्यांचा धंदा वर्षानुवर्षं चालला होता.

“फोनवर रोज बोलायचो की तुझ्याशी,” त्यांनी तेव्हा बाजू मांडली होती.

“तुम्ही ‘हूं’ म्हणायचात. हूं म्हणजे बोलणं नव्हे, हूं म्हणजे लाइन चालू असल्याचा पुरावा.”

जेवण म्हणजे मोरीपाशी उभ्याने खाल्लेला पाव. रक्तदाबाच्या गोळ्यांचं पाकीट बाई ठेवून गेल्या तसंच्या तसं, अगदी कुमारिकेसारखं. डॉक्टरांनी रक्तदाब मोजला, यंत्राकडे संशयाने पाहिलं, दुसरं यंत्र मागवून पुन्हा मोजला आणि मग ते स्वतःच खुर्चीत बसले.

तेव्हा आता सोबत हवी. पण माणूस ठेवायचा तर फोटोग्राफर त्याला ‘हसू नका’ म्हणणार आणि तो दुसऱ्या दिवशी पळणार. अशा वेळी बाईंचा धाकटा भाऊ तोडगा घेऊन आला.

हा मेहुणा विमा कंपनीतून निवृत्त झाल्यापासून दर काही महिन्यांनी नव्या गोष्टीच्या प्रेमात पडायचा. आधी मधमाश्या झाल्या, मग बासरी झाली. दोन्ही एकाच गच्चीवर असल्यामुळे मधमाश्या सोडून गेल्या. आता त्याने लाँड्रीच्या माडीवरच्या खोलीत वर्ग काढला होता.

“तुल्पा,” तो म्हणाला.

“कोणाची कृपा?” बाई म्हणाल्या.

“तुल्पा, ताई. म्हणजे आपण मनाने घडवलेला सोबती. भूत नाही, प्रेत नाही. रोज लक्ष एका जागी धरायचं, एक माणूस डोळ्यांसमोर उभा करायचा, त्याच्याशी बोलत राहायचं. आणि बोलता बोलता एक दिवस तो आपणहून उत्तर देतो. आपण न ठरवलेलं.”

“खायला काय लागतं त्याला?”

“काही नाही.”

“आणि झोपायला?”

“काही नाही.”

“मग चालेल,” बाई म्हणाल्या आणि नवऱ्याकडे वळल्या. “उद्यापासून जायचं.”

फोटोग्राफर हूं म्हणाले.

वर्गात लाँड्रीवाल्या मावशी होत्या, लिफ्ट दुरुस्त करणारा एक मिस्त्री होता आणि एक वकीलसाहेब होते. त्यांना म्हणे मतभेद व्यक्त करायला घरी कोणी उरलं नव्हतं. खालून इस्त्रीची वाफ वर येत होती, त्यामुळे सगळ्यांच्या चेहऱ्यावर उगाचच साधनेचं तेज आलं होतं.

“डोळे मिटा,” मेहुणा म्हणाला. “एकदम माणूस नको. आधी वस्तू. एक छत्री समोर आणा. घाई नको. मूठ बघा, काड्या बघा.”

सगळ्यांनी डोळे मिटले.

“माझी लाल आलीय,” मावशी म्हणाल्या. “एक काडी वाकडी आहे.”

“माझी उघडत नाही,” मिस्त्री म्हणाला. “बटण अडकलंय.”

“माझ्या छत्रीची मूठ शिसवी आहे. माझी हरकत एवढीच, की ती कोणाच्या तरी हातात आहे,” वकीलसाहेब म्हणाले.

“वा! भावोजी, तुमची?”

फोटोग्राफरना या मंडळींचं कौतुक वाटलं. मेहुण्याचं मन राखायला लोक किती मनापासून थापा मारतात! पण आपण घरचेच, आपण खरं बोलायला हरकत नाही, म्हणून ते म्हणाले, “मला काही नाही दिसत. तुम्हाला तरी कुठे दिसतंय म्हणा.”

सगळ्यांनी डोळे उघडले.

“म्हणजे?” मावशी म्हणाल्या.

“म्हणजे... डोळे तर मिटलेत ना आपण?”

“अहो, आत बघायचं. आत दिसते ना छत्री!”

“खरंच दिसते?”

“लाल आहे म्हणून सांगतेय ना मघापासून!”

मिस्त्रीने मान पुढे काढली. बंद पडलेल्या लिफ्टकडे बघावं तसं त्याने फोटोग्राफरच्या कपाळाकडे पाहिलं. “तुम्हाला काय दिसतं?”

“अंधार.”

“आणि अंधाराच्या पुढे?”

“पुढे पण अंधार.”

“कायम?”

“मग? डोळे मिटल्यावर काय उजेड पडतो का?”

कोणी हसलं नाही. मेहुण्याचाही चेहरा पडला. बासरीच्या वेळीसुद्धा तो असा पडला नव्हता.

फोटोग्राफर जिना उतरले ते कठड्याला धरून. ‘आई डोळ्यांसमोर उभी राहते’, ‘शाळेचं मैदान आजही डोळ्यांपुढे दिसतं’, असं लोक म्हणतात, ते त्यांनी आयुष्यभर ऐकलं होतं आणि स्वतःही म्हटलं होतं. पोटात कावळे ओरडतात म्हणून कोणी एक्स-रे काढत नाही, तसंच ते बोलायचं एक वळण, असं ते धरून चालले होते. आणि आता या वयात, इस्त्रीच्या दुकानावर, त्यांना कळत होतं की सगळी माणसं खरंच बोलत होती. रस्त्यावरची ही सगळी मंडळी, तो बस थांब्यावरचा माणूस, ती पिशवी सावरणारी बाई, यांच्या प्रत्येकाच्या डोक्यात एक-एक स्टुडिओ होता, दिवे लावलेला. फक्त ज्याचा खराखुरा स्टुडिओ होता, त्याच्याच डोक्यात अंधार.

घरी त्यांनी काही सांगितलं नाही. त्यांनी प्रयत्न सुरू केले. गिऱ्हाईक स्टुलावर बसलं की ते त्याच्याकडे टक लावून बघत, मग डोळे मिटत. गिऱ्हाईक जायचं, स्टूलही जायचं.

“झोपलात का?” एका बाईने विचारलं.

“तुमच्यावर लक्ष केंद्रित करतोय,” ते म्हणाले. त्या बाई फोटो न काढताच उठून गेल्या.

इकडे मुलीचे फोन वाढले. डॉक्टर म्हणतात, लवकरही होऊ शकतं. जावई एकटाच धावपळ करतो, त्याला चमचे कुठे असतात तेही माहीत नाही. बाई फोन ठेवायच्या आणि नवऱ्याकडे बघायच्या. काठावर पास होणाऱ्या मुलाकडे निकालाच्या आदल्या दिवशी बघावं तसं.

तेव्हा एका संध्याकाळी जेवताना फोटोग्राफरनी तोंडातला घास गिळला आणि ते म्हणाले, “आला.”

“कोण?”

“तो.”

बाईंचा वाढता हात थांबला. “कुठे?”

“त्या खुर्चीवर.”

खुर्ची बाईंना रिकामीच दिसली. पण तुल्पा ज्याचा त्यालाच दिसतो, असं भावाने बजावून ठेवलं होतं. त्यांनी चटकन केस सारखे केले. “अगंबाई! कसा आहे हो?”

“साधारण पन्नाशीचा. सरळ समोर बघतोय. दोन्ही कान दिसताहेत.”

“स्वभावाने?”

“हसत नाही.”

“असू दे, तुमच्याशी जमेल. चष्मा आहे?”

“आहे. काचेवर चमक नाही पण.”

“आणि कपडे?”

“गडद शर्ट. कॉलरचा.”

“खाली पँट की काय?”

फोटोग्राफर अडखळले. छातीच्या खाली माणूस कसा असतो, याच्याशी त्यांचा व्यवसायाने कधी संबंध आला नव्हता. लोक वर कोट आणि खाली घरातली चड्डी घालून येत. “खाली... टेबल मध्ये येतंय.”

“वाकून बघा की. बरं राहू दे, पाहुण्याला अवघडल्यासारखं होईल. मागून कसा आहे? टक्कल?”

“मागे पांढरं आहे.”

“केस पांढरे?”

“केस नाही. मागे. त्याच्या मागे पांढरं आहे सगळं.”

बाईंनी खुर्चीमागच्या भिंतीकडे पाहिलं. भिंत पिवळी होती. चांगली ठसठशीत पिवळी. तो रंग त्यांनीच निवडला होता.

“अहो,” त्या अगदी हळू म्हणाल्या, “हा पासपोर्टचा फोटो आहे.”

फोटोग्राफरनी हात धुतले. मग जे होतं ते सांगितलं. छत्रीपासून सांगितलं. त्यांनी एका दमात इतकं बोलणं बाईंनी बऱ्याच वर्षांत ऐकलं नव्हतं, त्यामुळे पहिला धक्का त्याचाच बसला. दुसरा जरा वेळाने बसला.

“कोणीच दिसत नाही?”

“कोणीच नाही.”

“मुलगी?”

“नाही.”

बाईंनी वाढायचा चमचा खाली ठेवला. “आणि मी?”

“तू समोर असलीस की दिसतेस की.”

“आणि नसले की?”

फोटोग्राफरनी प्रामाणिकपणे विचार केला. “नसलीस की नसतेस.”

वाक्य व्याकरणाच्या दृष्टीने निर्दोष होतं. कर्ता, क्रियापद, सगळं जागच्या जागी. बाई ते ऐकून उभ्या राहिल्या आणि परत बसल्या.

“लग्नाआधी तुम्ही म्हणायचात, रात्रंदिवस तू माझ्या डोळ्यांसमोर असतेस.”

“तसं म्हणतात ना.”

“कोण म्हणतं?”

“सगळेच म्हणतात. मला वाटलं, सगळे माझ्यासारखंच म्हणतात.”

“म्हणजे मी इतकी वर्षं ज्या ज्या वेळी दाराबाहेर पडले, त्या त्या वेळी तुमच्या डोक्यात कोरा नकाशा?” बाईंचा आवाज शेवटच्या बाकाच्याही पुढे, भिंतीपलीकडे गेला. “नद्या नाहीत, डोंगर नाहीत, काही नाही?”

“सीमारेषा पण नाही,” फोटोग्राफर म्हणाले. त्यांना सहकार्य करायचं होतं.

बाईंनी तिथल्या तिथे मुलीला फोन लावला. “मी येत नाही,” त्या म्हणाल्या. “नाही गं, बाबा ठणठणीत आहेत. मी ठीक नाही. मी गेले की इथे माझं काही उरतच नाही, असं आत्ताच कळलंय.” पलीकडून मुलगी रडत असल्याचं फोटोग्राफरना टेबलाच्या या बाजूलाही ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्टुडिओ उघडला नाही. उशिरा अंघोळ करून ते बाहेर आले तेव्हा स्वयंपाकघरात कप ठेवल्याचा आवाज झाला. ते मधल्या खोलीत बसले. आत जायचं धाडस नव्हतं. मेहुण्याने वर्गाच्या शेवटी एक सांगितलं होतं, की चित्राचा नाद सोडा भावोजी, जे काही येतंय त्याच्यावर लक्ष धरा. तेव्हा काही येतच नव्हतं. आता निदान आतून आवाज तरी येत होते. त्यांनी डोळे मिटले.

आत खुर्ची सरकली. मग ती बसली. मग तिने हाताने टेबलावरचे नसलेले कण गोळा केले. असं ती करते तेव्हा राग उतरायला लागलेला असतो.

“ऐकतेस का?” ते म्हणाले.

“ऐकतेय.” उत्तर आतून आलं, जरा घोगरं.

“तू मुलीकडे जायला हवंस.”

“आणि तुम्हाला मी आठवणार कशी? फोटो बघून?”

आयुष्यात कधी न लागलेले शब्द फोटोग्राफर चाचपत होते. “तू दिसत नाहीस, पण कळतेस,” ते म्हणाले. “जिना चढताना मधल्या वळणावर तू थांबतेस, दम लागला म्हणून नाही, खालच्यांच्या घरात काय चाललंय ते ऐकायला. किल्ली आधी उलटी घालतेस, मग सुलटी. चपला काढताना डावी जोरात आपटते. आणि बोलायच्या आधी नाकाने एक श्वास घेतेस. तो ऐकला की मला कळतं, चूक माझी आहे. कोणती, ते मग तू सांगतेस.”

आत टेबलावरून फिरणारा हात थांबला.

“हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत,” ती म्हणाली.

“यात सांगण्यासारखं काय आहे? मला वाटलं, माणूस आठवणं म्हणजे हेच.”

“मग जाते मी,” ती म्हणाली. “आणि गोळ्या जेवणानंतर घ्यायच्या, आधी नाही.”

“बरं,” फोटोग्राफर म्हणाले.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. वळणावर थांबली. पुन्हा निघाली. कुलपात किल्ली उलटी गेली, मग सुलटी. दार उघडलं. डावी चप्पल आपटली. आणि नाकाने एक खोल श्वास घेतला गेला.

फोटोग्राफरनी डोळे उघडले. दारात बाई उभ्या होत्या. त्यांच्या मागे मेहुणा होता, कान लाल झालेला. त्याला बाई त्याच्या घरी जाऊन सकाळपासून धुऊन काढत होत्या, हे उघड दिसत होतं.

“कोणाशी बोलत होतात?” बाई म्हणाल्या.

फोटोग्राफरनी स्वयंपाकघराकडे बोट केलं. त्यांच्या चेहऱ्याचा रंग इतका उतरला होता, की त्यांच्या मागे पांढरा पडदा लावला असता तर ते दिसलेच नसते.

बाई तरातरा आत गेल्या. स्वयंपाकघरात कोणी नव्हतं. खुर्ची टेबलाखाली सरकवलेली होती. कप कपाटात होते, कोरडे ठणठणीत.

“तू... आत नव्हतीस?”

“तुम्ही झोपला होतात तेव्हाच मी बाहेर पडले!”

“मग कपाचा आवाज?”

“भावोजी!” मेहुणा किंचाळलाच. “भावोजी, झाला! तुमचा तुल्पा झाला!”

“झाला नाही,” फोटोग्राफर कसेबसे म्हणाले. “झाली.”

बाई बाहेर येऊन धपकन खुर्चीत बसल्या. आपल्याच स्वयंपाकघरात आपण नसताना आपणच होतो, हे पचवायला भूगोलाचा काही उपयोग नव्हता. त्यांचे ओठ दोनदा हलले. शेवटी त्यांनी सगळ्यात महत्त्वाचं विचारलं.

“काय म्हणाली ती?”

“जाते म्हणाली. मुलीकडे.”

“मला न विचारता?”

“तुझ्याच आवाजात म्हणाली. मला काय माहीत?”

“हा तुमच्या मनाचा खेळ आहे. तुम्हाला जे ऐकायचं होतं ते ऐकलंत.”

“ताई, तसं नसतं,” मेहुणा म्हणाला, “तो आपण न ठरवलेलं बोल...”

“तू गप्प बस.” बाई नवऱ्याकडे वळल्या. तोंडी परीक्षेला बसल्यासारख्या ताठ झाल्या होत्या. “विचारा तिला. काहीतरी सांग म्हणावं, जे तुम्हाला माहीत नाही.”

फोटोग्राफरनी डोळे मिटले. फोटोग्राफरची मान स्वयंपाकघराच्या दिशेने किंचित कलली, आणि मग त्यांच्या कपाळावर आठी पडली.

“काय?” बाई म्हणाल्या.

“ती म्हणते, काल तू मुलीला ‘येत नाही’ म्हणून सांगितलंस...”

“ते तुम्ही ऐकलंयच.”

“...पण तिकीट रद्द केलेलं नाहीस.”

बाईंचा हात तोंडावर गेला. मेहुण्याने बहिणीकडे पाहिलं. “तिकीट काढलंयस? ताई, केव्हा?”

तिकीट बाईंनी अट घालायच्या आधीच काढलं होतं. हे त्यांनी कोणालाही सांगितलं नव्हतं, आणि जायचं पक्कं असताना अट का घातली, ते स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

“तिला कसं कळलं?” त्या पुटपुटल्या.

“विचारतो,” फोटोग्राफर म्हणाले. मग ऐकून म्हणाले, “ती म्हणते, मला नाही तर कोणाला कळणार?”

बाई उठल्या. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेल्या. आत एक नजर टाकली, नव्या बदली शिक्षिकेच्या हाती वर्ग सोपवताना टाकतात तशी, विश्वास नसलेली पण इलाज नसलेली. मग त्यांनी फोन उचलला.

“हां, मी बोलतेय. येते मी. परवाच निघते. रडू नकोस आता, बाळाला त्रास होतो.” पलीकडे मुलीने काहीतरी विचारलं. “बाबांचं काय म्हणजे? बाबांची मुळीच काळजी करू नकोस. त्यांच्याजवळ मी आहे.”

“आई,” मुलगी सावकाश म्हणाली, “मामा आहे का तिथे? त्याला फोन दे.”